हवेच्या बदल्यात

मोठा रस्ता जिथे संपतो आणि वस्तीचे बोळ सुरू होतात, तिथे हवामावशीचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर एक पत्र्याची खोली, पुढे सावलीपुरतं छप्पर, वर टांगलेली चाकं, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं आणि दाराशी एक उंच पंप. पुढे विटांची पायरी. तिच्या प्रत्येक विटेवर माशाचा छाप आहे, पण बसून बसून मासे पार झिजून गेलेत. वस्तीतल्या सगळ्याच घरांच्या विटांवर हा मासा दिसतो. मावशीने लहानपणी वडिलांना त्याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, भट्टीवाल्याची खूण असेल. मावशीने विचारलं, मासाच का? यावर वडिलांनी तिच्या हातात पान्हा दिला आणि चेन साफ करायला बसवलं.

वडील गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता इथे कुलूप लागणार. मुलगी एकटी, त्यात तिचा डावा गुडघा लहानपणीच्या आजाराने आखडलेला, तो वाकतच नाही. मुलीने दुसऱ्या आठवड्यात दुकान उघडलं आणि असं ज्यांना वाटलं होतं त्यांच्याच सायकली आधी हातात घेतल्या. गंमत अशी की सगळा जन्म सायकलींत गेला, पण तिला स्वतःला सायकल येत नाही. गुडघाच वाकत नाही तर पायडल फिरणार कसं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिला एकच खोड होती. विचारायची. गिऱ्हाईक आलं की, "कुठे निघालात? तिथे काय असतं? मग पुढे?" मोठी माणसं या "मग पुढे" ला लवकर कंटाळायची. पुढे काय असणार, पुढे ऑफिस. मुलं मात्र कंटाळायची नाहीत, म्हणून मावशीने मुलांसाठी एक नियम केला: हवा फुकट, पण बदल्यात बातमी आणायची. बातमी कालव्यापलीकडची हवी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हवी, आणि शिळी चालायची नाही.

कालवा वस्तीच्या मागून जातो. त्यावर लोखंडी पूल आहे, त्याला दोन्हीकडून उभ्या चढाच्या पायऱ्या. पलीकडे बंद पडलेली वीटभट्टी, गवताचा माळ आणि त्यामागे कुठेतरी टेकडी. मुलं सायकली खांद्यावर मारून पूल चढायची. मावशीला ते जमण्यासारखं नव्हतं. लांबचा रस्ता होता, पण कामधंदा सोडून तिकडे जायचं तरी कशाला, आणि कोणाबरोबर? तेव्हा ती पंपाजवळ बसून वाट बघायची आणि मुलं तिला पलीकडचं जग थोडं थोडं आणून द्यायची. मोडक्या ट्रकच्या टपावर बकरी चढलीय. कावळ्याच्या घरट्यात चष्म्याची दांडी सापडली. माळावर सापाची कात आहे, माझ्या हाताएवढी लांब. मावशी पंप मारता मारता ऐकायची, प्रश्न विचारायची आणि ऐकलेलं सगळं डोक्यात ज्याच्या त्याच्या जागी मांडून ठेवायची.

या सगळ्यात तिची सर्वात लाडकी गोष्ट होती ते तळं.

तळ्याची बातमी पहिल्यांदा आणली लुकड्याने. ही फार जुनी गोष्ट. तेव्हा तो खरोखर लुकडा होता. आता तो बस चालवतो आणि स्टीअरिंग त्याच्या पोटाला लागतं. तर लुकड्या धापा टाकत आला आणि म्हणाला, "मावशी, भट्टीच्या मागे तळं आहे. मोठं. गोल." मावशीचा पंप थांबला. तळं? इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही? पाणी कसलं, निळं की हिरवं? लुकड्या म्हणाला, निळं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाला तिने विचारलं, तर तो म्हणाला, हो, मीही पाहिलं, त्यात बदकं आहेत. मग कुणाला मधोमध बेट दिसलं, कुणाला मासे, कुणाला काठाला बांधलेली होडी. वर्षं गेली, मुलं मोठी झाली, त्यांची मुलं सायकलवर बसली, आणि तळं वाढतच गेलं. दुकान बंद करून अंथरुणाला पाठ टेकली की मावशी मनाने तळ्यावर जायची. "एकदा बघणार बाई मी ते," ती म्हणायची. अलीकडे उजवा गुडघाही त्रास द्यायला लागला होता, त्यामुळे हे बोलणं जरा घाईने व्हायला लागलं होतं.

मग फोन आले. मुलं पायरीवर तशीच बसायची, पण माना खाली. सायकली निघेनात म्हणून हवाही जाईना. मावशी चिडली. दोन दिवस चिडली, तिसऱ्या दिवशी तिला राहवेना.

"काय बघताय एवढं?"

चष्मीने फोन तिच्यापुढे धरला. चष्मी म्हणजे त्या लुकड्याची, आताच्या बसड्रायव्हरची मुलगी, दहा-अकरा वर्षांची, नाकापेक्षा चष्मा जड. फोनमध्ये समुद्राच्या तळाशी एक मासा डोक्यावर दिवा लावून फिरत होता. मावशी गुडघा सरळ सोडून पायरीवर बसली. मग तिने एका जंगलातल्या पाणवठ्यावरचं चित्र पाहिलं, ते तर आत्ता, या घडीला तिथे चाललेलं होतं. एक हत्ती पाणी पीत होता आणि इकडे मावशीच्या घमेल्यात ट्यूब तशीच पडून होती.

"मग पुढे?" मावशीने विचारलं.

"पुढे म्हणजे? तो पाणी पिणार."

"प्यायल्यावर कुठे जाणार?"

ते फोनला माहीत नव्हतं, कॅमेरा तेवढाच होता. मावशीला बरं वाटलं. फोनलाही सगळं कळत नाही म्हणजे आपल्यालाही जागा आहे. तिने नवा नियम काढला: फोनमधली बातमी आणली तर पुढच्या चाकात हवा, डोळ्यांनी पाहिलेली आणली तर मागच्या. एका चाकावर सायकल चालत नाही हे मुलांना सांगायची गरज पडली नाही. मुलं पुन्हा बाहेर पडायला लागली, म्हणजे मावशीला तरी तसं वाटलं.

एकदा ती चष्मीला म्हणाली, "सगळं जग दाखवतेस, आपलं दुकान दाखव बघू." चष्मीने नकाशा उघडला. मोठा रस्ता दिसला, कालवा दिसला. मध्ये वस्तीच्या जागी राखाडी ठिगळ. एक रेघ नाही, एक नाव नाही.

"आपण कुठे गेलो?" मावशीने विचारलं.

"आपण नाहीच आहोत," चष्मी म्हणाली. "कुणी काढलंच नाही आपल्याला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. हत्ती कुठे पाणी पितो ते माहीत, आणि आपणच नाही. मावशीला हे लागलं. पण चष्मीच्या विज्ञानाच्या बाईंनी शाळेत सांगितलं होतं की असा एक नकाशा आहे जो जगभरचे लोक मिळून काढतात. ज्याला जी गल्ली माहीत ती त्याने भरायची, आणि दुसरीकडच्या कुणीतरी ती तपासायची. झालं. चष्मी, तिच्या वर्गातले जुळे भाऊ आणि शेपटासारखी मागे लागणारी पिटुकली अशी फौज तयार झाली. मावशीने फौजेच्या सगळ्या चाकांत आधीच हवा भरून दिली. उधारीवर.

बोळ फिरून काढणं सोपं होतं. नावं लिहिणं अवघड. कारण बोळांना नावं नव्हतीच. चष्मीने इस्त्रीवाल्याला विचारलं, "काका, या बोळाचं नाव काय?" इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीखाली कुणाचा तरी लग्नाचा शर्ट होता. मान वर न करता तो म्हणाला, "कुणास ठाऊक." जुळ्यांपैकी एकाने स्पेलिंग विचारलं आणि दुसऱ्याने लिहून टाकलं. दोन दिवसांनी जगाच्या नकाशावर "कुणास ठाऊक बोळ" झळकला. इस्त्रीवाला आधी भडकला. मग त्याला फोनवर बोळ दाखवला, बोळाच्या टोकाला त्याचं दुकान दाखवलं, तेव्हा त्याने गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, "या की, कुणास ठाऊकमध्ये शेवटचं दुकान."

हे सगळं तपासणारी बाई फार दूरची निघाली. आयुष्यभर बंदरात बोटींची ये-जा लावायचं काम केलं होतं, आता निवृत्त होऊन घरबसल्या अनोळखी लोकांच्या गल्ल्या तपासत होती. तिच्याकडे हिवाळ्यात कित्येक दिवस सूर्य उगवत नाही. तिचं बोलणं फोन आपल्या भाषेत करून द्यायचा, आणि फोनची भाषा म्हणजे नवीन कपडे घातलेल्या मुलासारखी, अवघडलेली. "आदरणीय नकाशाकारहो," तिने लिहिलं, "कुणास ठाऊक हे नाव आहे, की नाव तुम्हांस ठाऊक नाही?"

चष्मीने उत्तर पाठवलं, "आधी ठाऊक नव्हतं. आता हेच नाव आहे."

"हे मला अत्यंत आवडले," बाईने कळवलं आणि बोळ पक्का केला.

मावशी खूश. "तिला विचार, आत्ता तिच्याकडे उजेड आहे का. आणि अंधारात ती भाजी आणायला कशी जाते." चष्मीने विचारलं. उत्तर आलं, कपाळावर दिवा बांधून. मावशी दिवसभर ज्याला त्याला सांगत होती: माशासारखा दिवा, आणि भाजी आणायला.

वस्ती भरून झाली तेव्हा मावशी म्हणाली, "आता तळं टाका."

मुलं जरा घुटमळली, पण तेव्हा तिच्या ते लक्षात आलं नाही. तिच्यासमोरच चष्मीने भट्टीच्या मागे बोटाने गोल काढला, निळा रंग दिला आणि वर लिहिलं: तळं. मावशीने फोन हातात घेऊन तो निळा ठिपका खूप वेळ पाहिला. आपण डोक्यात ठेवला होता अगदी तिथेच तो होता.

दूरच्या बाईचं उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. पायरीवर चौघंही होती आणि बसड्रायव्हर कामावरून परतताना मुलीला न्यायला आणि जाता जाता सायकलीत हवा भरून घ्यायला थांबला होता. चष्मीने निरोप मनात वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"वाच ना मोठ्याने," मावशी म्हणाली.

चष्मीने वाचलं. "आदरणीय नकाशाकारहो, आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत या जागी मला पाणी दिसत नाही. मी मागील अनेक वर्षांची छायाचित्रे पाहिली. एखादी गडद सावली आहे, परंतु पाणी नाही. कृपया तुमच्यापैकी कुणी तेथे जाऊन पाहाल काय?"

"आकाशातून काय डोंबल दिसणार," मावशी म्हणाली. "उंटावरून शेळ्या हाकतात झालं. तिला लिही, आमची मुलं नेहमी जातात. तूच नाही का सांगितलंस, बदकांची पिल्लं पाहिली म्हणून?"

चष्मी चष्मा काढून पुसायला लागली.

"आणि तुम्ही दोघांनी होडी. नवा रंग दिलाय म्हणालात तिला."

जुळे नेहमी एकदम बोलायचे, ते एकदम गप्प झाले. पिटुकलीने पुढाकार घेतला. "मी नाही गेले," ती म्हणाली. "मला पुलाच्या पुढे जाऊ देत नाहीत. मी मासे असंच सांगितले." आणि बाकीच्यांकडे बोट करून, "तेही नाही गेले."

मावशीच्या हातात एक ट्यूब होती. तिने ती घमेल्यात बुडवली आणि पाण्याकडे बघत बसली. ट्यूब कुठे फुटलीय ते पाण्यात बुडबुड्याने कळतं. तळं कशात बुडवून बघणार?

"मग पाहिलं कुणी?" तिने विचारलं. "कुणीतरी पाहिलंच असेल ना? लुकड्या, तू तर पहिल्यांदा पाहिलंस."

बसड्रायव्हर पंपाला टेकून उभा होता. भरचौकात बस वळवणारा माणूस, पण आत्ता त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना. "मावशी," तो म्हणाला, "मी पुलावरून परत आलो होतो."

"म्हणजे?"

"पायऱ्या चढलो, वर गेलो, आणि पलीकडे कुत्री होती. दोन-तीन. माझी उतरायची हिंमत झाली नाही. हवा तर हवी होती आणि बातमी नव्हती. म्हटलं काहीतरी सांगू. तळं म्हटलं, तर तुझा चेहरा असा झाला की मग मला थांबता येईना. तू विचारत गेलीस, मी सांगत गेलो."

"आणि मग दुसरा म्हणाला, मीही पाहिलं."

"तेच तर." बसड्रायव्हर आता मान खाली घालून बोलत होता. "मला वाटलं उद्या पकडला जाणार. रात्री झोप नाही. आणि दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, बदकं आहेत. मला वाटलं, असेल बाबा खरंच. मीच गेलो नाही म्हणून मला माहीत नाही. आई शप्पथ, नंतर माझाही विश्वास बसला. पोरीलाही मीच सांगितलं तळ्याचं."

खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, पण इथे एकाने बोललेलं सगळ्या वस्तीने रेटलं होतं. पराचा कावळा एकदा झाला की त्याला घरटं बांधायला लोक काड्या आणून देतात.

मावशी उठली. पंपाच्या नळीचं तोंड काढून तिने खिशात टाकलं.

"मी तुम्हाला हवा दिली," ती म्हणाली, "आणि तिच्या बदल्यात तुम्ही मला हवाच दिलीत."

तिला वाईट वाटलं होतं. राग नंतर आला, आधी नुसतं वाईट वाटलं, एखादं ओळखीचं माणूस गेल्यासारखं. ती आत गेली आणि पत्र्याचं दार ओढून घेतलं. बाहेर कुणाची तरी सायकल बिनहवेची ढकलत नेल्याचा आवाज तिने ऐकला. बसड्रायव्हरची असावी.

पुढचे काही दिवस दुकान उघडं होतं पण पंप मुका होता. पंक्चर निघायचं, चेन बसायची, मावशी "कुठे निघालात" विचारायची नाही. मोठ्या माणसांना हे फार विचित्र वाटलं. इस्त्रीवाल्याने तर स्वतःहून सांगितलं की तो दात दाखवायला निघालाय, खालची दाढ, आणि तरी मावशी "मग पुढे" म्हणाली नाही. ती सगळ्या जुन्या बातम्या एकेक काढून तपासत होती. बकरी खरी का? कावळ्याच्या घरट्यातली चष्म्याची दांडी? ती दांडी तरी खरी असू दे, असं तिला फार वाटलं. सापाची कात तर मुलाने हातात आणून दाखवली होती, तेवढी पक्की. बाकी सगळं डोक्यातून उचलून फेकून द्यावं तर तिथे आता काय ठेवायचं? भट्टीमागची ती जागा तिच्या डोक्यात राखाडी झाली, वस्ती नकाशावर होती तशी.

आणि तिथेच ती अडकली. तळं नाही हे कळलं. पण मग तिथे काय आहे? काहीतरी असणारच ना. जागा काही रिकामी राहत नाही. मावशीने स्वतःला पुष्कळ दटावलं, की कानाला खडा, आता कुणाला काही विचारायचं नाही. खडा फार दिवस टिकला नाही.

एका सकाळी चष्मी दुरूनच उभी राहून म्हणाली, "मावशी, मी तळं पुसून टाकते. त्या आजींना सॉरी लिहिते."

"थांब. पुसू नकोस," मावशी म्हणाली. चष्मी दचकली, इतक्या दिवसांत मावशी तिच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "तळं आहे असं तू न बघता लिहिलंस. आता तळं नाही असंही न बघताच लिहिणार?"

"पण फोटोत..."

"त्या बाईने काय विचारलंय? जाऊन बघाल का. मग बघून सांगायला नको? सावली दिसते म्हणाली ती. कसली सावली?" मावशीने ओढणीने हात पुसले. "तुझ्या बापाला बोलाव. सुट्टी कधी आहे त्याची?"

कोपऱ्यातल्या बेकरीवाल्याची मालाची तीनचाकी सायकल मावशीनेच दुरुस्त केलेली होती. पुढे मोठी पेटी, मागे चालवणारा. सुट्टीच्या दिवशी सकाळी पेटीत गोणपाट घालून मावशीला बसवलं. गुडघा बाहेर काठीसारखा सरळ. मागे सीटवर बसड्रायव्हर.

"हवा बघ आधी," मावशी म्हणाली आणि खिशातून पंपाचं तोंड काढून त्याला दिलं.

बसड्रायव्हरने तिन्ही चाकांत हवा भरली. निम्म्यातच त्याला घाम फुटला. "मावशी, तू हे रोज कसं करतेस गं?"

"बातम्या ऐकत," ती म्हणाली. तो ओशाळला.

लांबच्या रस्त्याने निघाले. पुढे जुळे, मागे चष्मी आणि तिच्या कॅरिअरवर पिटुकली, जिला आज खास परवानगी मिळाली होती. कालव्याला वळसा घालून रस्ता पलीकडे उतरला आणि मावशी बोलायची थांबली. तिला बघायचं होतं. मोडका ट्रक आला; होता, खरंच होता, टपावर बकरी नव्हती पण लेंड्या होत्या. मावशीने वळून बसड्रायव्हरकडे पाहिलं. लेंड्या खोट्या असू शकत नाहीत. तिच्या मनातली एक बातमी आपल्या जागी परत बसली. चढ आला तेव्हा मुलांनी उतरून पेटी ढकलली. बसड्रायव्हर एवढा हाशहुश करत होता की जुळ्यांनी त्याला आलटून पालटून विचारलं, बसला ढकलायला लागतं का.

वीटभट्टी मागे टाकली आणि गवत संपलं. तीनचाकी थांबली, कारण पुढे जमीनच नव्हती.

खड्डा होता. पण खड्डा म्हणावं तर छोटा वाटतो शब्द. गोल, खोल, अख्खी वस्ती आत मावेल असा. कडा सरळ कापलेल्या, लाल-पिवळ्या मातीच्या. पाण्याचा थेंब नाही. तळाशी गवत उगवलेलं आणि एका बाजूला सावली, तीच, आकाशातून दिसलेली. समोरच्या उभ्या भिंतीत शेकडो भोकं होती आणि त्यांतून छोटे पक्षी आत-बाहेर करत होते, एवढा कलकलाट की आपण काय बोलतो ते कळेना.

सगळे मावशीकडे बघत होते.

"उतरवा मला," मावशी म्हणाली.

तिला धरून काठापर्यंत नेलं. तिथे फुटक्या विटांचा ढीग होता. मावशीने एक अर्धी वीट उचलली, धूळ झटकली आणि बोटाने चाचपली. मग हसली. किती दिवसांनी हसली.

"मासे तर आहेत गं पिटुकले," ती म्हणाली.

विटेवर मासा होता. न झिजलेला, खवल्यांसकट. दुसऱ्या विटेवर होता, तिसऱ्याही. मावशीने विटेकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे, मग मागे वळून कालव्यापलीकडे दिसणाऱ्या आपल्या घरांकडे. तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती खालीच बसली.

"ही आपली घरं आहेत," ती म्हणाली.

"कुठे?" चष्मीने विचारलं.

"इथली माती काढून विटा पाडल्या, आणि त्या विटांची आपली घरं. माझी पायरी, तुझी खोली, इस्त्रीवाल्याची भिंत. सगळं इथून उचलून तिकडे नेलंय. तिकडे जेवढं उभं आहे तेवढंच इथे खाली गेलंय." तिने हाताने हवेत मापलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. "आणि मी विचारत बसले होते, मासाच का."

"मासाच का पण?" जुळे एकदम म्हणाले.

"ते अजून कुठे कळलंय," मावशी म्हणाली आणि तिला त्यात फार आनंद झालेला दिसला.

मुलं काठाकाठाने फिरली. चष्मीने भिंतीचे, भोकांचे, पक्ष्यांचे फोटो काढले. बसड्रायव्हर मावशीशेजारी येऊन बसला. "मावशी, चुकलं माझं," तो म्हणाला. "त्या दिवशी कुत्र्यांना घाबरलो नसतो तर तेव्हाच सांगितलं असतं, खड्डा आहे म्हणून."

मावशीने थोडा विचार केला. "तेव्हा तू खड्डा सांगितला असतास, तर मी म्हटलं असतं, बरं. आणि आज इथे आले नसते," ती म्हणाली. मग लगेच, "म्हणून काही तू शहाणा ठरत नाहीस. परत जाताना चढ आहे, आत्तापासून दम साठव."

नकाशावर काय लिहायचं यावर तिथेच वाद झाला. निळा रंग पुसायचा यावर एकमत होतं. जुळ्यांना "खड्डा" हवं होतं, चष्मीला "मातीची खाण". मावशी म्हणाली, "जागा खाणीची लिहा. नाव तळंच राहू दे. वस्तीत दुसऱ्या नावाने कुणाला कळणार आहे?" चष्मीने तसंच लिहिलं आणि खाली दूरच्या बाईला मावशीने सांगितलेलं पाठवलं: पाणी नाही, आमचं चुकलं, आम्ही न बघता लिहिलं होतं. आता बघितलंय. इथून आमची घरं निघाली आहेत.

उत्तर तीनचाकी चढावर असतानाच आलं. चष्मीने थांबून वाचलं. "आदरणीय नकाशाकारहो, मला दिसलेली सावली त्या भिंतीची होती. नोंद पक्की केली आहे. पक्षी कोणत्या बाजूने आत जातात? आणि संध्याकाळी ते काय करतात?"

मावशी पेटीत वळून बसली. "बघ," ती म्हणाली, "ही पण 'मग पुढे' वाली निघाली."

दुकानाशी पोचले तेव्हा पायरीवर बरीच मुलं जमली होती. बातमी त्यांच्या आधी पोचली होती, कशी ते कुणास ठाऊक. सायकली घेऊन आलेली, चाकं बसलेली. मावशीने खाली उतरून पंपाचं तोंड जागेवर लावलं. सगळ्यांत पुढच्या मुलीने, जिला मावशी नावानेही ओळखत नव्हती, लगेच विचारलं, "मावशी, तळ्यात बदकं होती का?"

बसड्रायव्हरने कपाळाला हात लावला. चष्मीने तोंड उघडलं, पण मावशीने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. तिने मुलीच्या सायकलीचं मागचं चाक पुढे ओढलं, व्हॉल्व्हवर नळी बसवली आणि पंप मारायला लागली. चाक कडक झालं तसं अंगठ्याने दाबून पाहिलं.

"जा, बघून ये आणि मला सांग," ती म्हणाली. "पण जपून सांग हं. मी जाऊन आलेय."